पलटी मारायच्या आधी

माझ्या शिवणवर्गात नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिला मशीनवर बसवत नाही. हातात एक जुना सदरा देते आणि म्हणते, "हा उलटा कर बघू." कुणी आतली बाजू बाहेर काढते. कुणी पाठ पुढे आणते. एखादी कॉलर खाली आणि घेर वर धरून माझ्याकडे बघत राहते. तिघींचंही चुकलेलं नसतं, कारण घरात आपण या तिन्ही गोष्टींना उलटंच म्हणतो. शिवणाऱ्या बाईचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी शब्द नीट करून घ्यायचे, ही माझी पद्धत.

आमच्या वर्गात आतली बाजू बाहेर असेल तरच कापड उलटं. पाठ पुढे आली तर "पुढचं मागे झालं" असं म्हणायचं. आणि काठावरच्या मोराचं डोकं खाली, पाय वर गेले तर "उफराटं". हा शब्द माझ्या आजीचा. आता तो फारसा ऐकू येत नाही, पण इतका नेमका दुसरा शब्द मला सापडलेला नाही. वाटी उपडी घालतात, घडा पालथा असतो, भाकरी परततात, छत्री वाऱ्यानं उलटते. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. छत्रीचं उदाहरण मी मुलींना मुद्दाम देते. ती उलटते तेव्हा पोटातल्या काड्या बाहेर येतात आणि आतलं कापड आभाळाकडे बघायला लागतं. कपडा उलटा करणं म्हणजे नेमकं हेच.

हा फरक पाळल्यानं किती वेळ वाचतो! गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "ताई, बाही उलटी लागलीय." मी विचारते, शिवण बाहेर दिसतेय, की बाही मागे ओढली जातेय, की काठावरची नक्षी उफराटी झालीय? पहिल्यात नुसतं उसवून परत लावायचं, दुसऱ्यात डावी-उजवी अदलाबदल करायची, तिसऱ्यात मात्र बाही नव्यानं कापावी लागते. तीन वेगळी कामं, आणि गिऱ्हाइकाचा शब्द एकच.

आता पलटी. रस्त्यावर ट्रक पलटी होतो तो अपघात, आमच्याकडे गळा पलटी होतो ते काम. दोन कापडं सुलटीवर सुलटी, म्हणजे चांगल्या बाजू समोरासमोर करून ठेवायची, उलट्या बाजूनं टीप मारायची आणि मग आतलं बाहेर काढायचं. टीप, माया (टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड), कापलेल्या कडा, सगळं दोन थरांच्या मध्ये जाऊन बसतं आणि बाहेर फक्त गुळगुळीत काठ राहतो. या अख्ख्या कामाला पलटी मारणं म्हणतात. शिकाऊ मुलींना वाटतं की पलटी म्हणजे तो शेवटचा, आतलं बाहेर काढायचा क्षण. तो अर्ध्या मिनिटाचा असतो. गळा वळणार की चुण्या पडणार, टोक निघणार की बोंगा होणार, हे तोपर्यंत ठरून गेलेलं असतं. उलट्या बाजूला तुम्ही किती काम केलंत, तेवढंच सुलट्या बाजूला दिसतं.

सगळ्यात आधी कापडाची सुलटी ओळखा. छापील कापडाला प्रश्न येत नाही, साटीनची चमक हाताला कळते, जीन्सची निळी बाजू वर आणि पांढुरकी आत. खणाला मागच्या बाजूनं बोट फिरवा, बुट्टीचे धागे बोटाखाली लागतात. यंत्रमागावरच्या पैठणीच्या काठाला मागून कापलेल्या धाग्यांची लव असते, तिथेही चूक होत नाही. फसवते ती हातमागाची पैठणी. तिचे काठ-पदर इतके गुंतवून विणलेले असतात की दोन्हीकडून जवळजवळ सारखेच दिसतात. आणि फसवतं साधं कॅम्ब्रिक, टू बाय टू, मलमल. अशा वेळी तुम्ही ठरवाल ती सुलटी, पण एकदा ठरवली की मोडायची नाही. कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूवर खडूनं फुली मारा. पाठीवर, पुढच्या दोन्ही भागांवर, बाह्यांवर, पट्ट्यांवर, सगळ्यांवर. साध्या कापडातसुद्धा दोन बाजूंच्या रंगात हलका फरक असू शकतो. तो ट्यूबलाइटखाली दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला लग्नाच्या मांडवात, दुपारच्या उजेडात दिसतो. मी कापड दारात नेऊन सावलीत बघते. उन्हात डोळे दिपतात, घरात रंग खोटा दिसतो.

ही फुली मी कशी शिकले ते सांगते. 1996 साली मी घरून ब्लाउज शिवायला लागले होते. शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंनी मुलीच्या डोहाळजेवणासाठी हिरवा खण आणून दिला. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, त्यामुळे कापड एकेक बोट मोजून कापावं लागतं. मी दोन्ही बाह्या सुट्या कापल्या, एकीवर दुसरी ठेवून. पण वरचा आणि खालचा, दोन्ही थर सुलटी वर करून ठेवले होते. बाह्या लावायला घेतल्या आणि लक्षात आलं की दोन्ही एकाच हाताच्या आहेत. बाहीचा पुढचा वळसा जास्त खोल असतो, मागचा कमी. दोन्हींचा खोल वळसा एकाच बाजूला आला होता. एक उलटी करून लावली तर वळसा बसत होता, पण खणाची मागची बाजू बाहेर येत होती. नवी बाही काढायला कापड उरलं नव्हतं. बाजारात तो हिरवा मिळाला नाही. शेवटी साध्या हिरव्या रेशमी कापडाच्या बाह्या लावल्या आणि खणाच्या तुकड्यांची पट्टी त्यांच्या काठाला जोडली. काकू काही बोलल्या नाहीत, पैसेही दिले. मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून बाह्या मी नेहमी कापड सुलटीवर सुलटी दुमडूनच कापते. दोन्ही थर एकमेकांकडे तोंड करून असले की एक बाही आपोआप डावी आणि दुसरी उजवी निघते. तुम्हीही असंच करा. फुली आणि दुमड, या दोन गोष्टी केल्यात तर ही चूक होणारच नाही.

बाही लावतानाही पहिल्या-पहिल्यांदा गोंधळ होतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: ब्लाउज उलटा, बाही सुलटी, आणि बाही ब्लाउजच्या पोटात. उलट्या ब्लाउजच्या मुंढ्यातून, म्हणजे बाही लावायच्या जागेतून, सुलटी बाही आत सरकवली की दोन्हींच्या सुलट्या बाजू समोरासमोर येतात. बाहीचा खांद्याचा मध्य आणि ब्लाउजची खांद्याची शिवण जुळवून आधी एक टाचणी लावा, खोल वळसा पुढे आहे ना ते हातानं चाचपा, मग गोल टीप. शिवण झाल्यावर ब्लाउज सुलटा केला की बाही बाहेर येऊन उभी राहते.

आता गळा, कारण पलटीची खरी परीक्षा गळ्यात होते. अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड गळ्यापाशी फुगतं. मग पलटी कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही. गळ्याला कॅनव्हास, म्हणजे ताठपणासाठीचं कापड, लावणार असाल तर तो अस्तराच्या उलट्या बाजूला चिकटवा. वरच्या कापडाला चिकटवला तर पातळ रेशमातून त्याची कड दिसते.

ब्लाउजची पाठ सुलटी बाजू वर करून टेबलावर ठेवा. तिच्यावर अस्तर सुलटी बाजू खाली करून ठेवा. म्हणजे आता तुम्हाला अस्तराची फुली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर थांबा, मशीनला हात लावू नका. गळ्याची आखणी अस्तरावर खडूनं काढा आणि आखलेल्या रेषेवरच टीप मारा. गळा आधी कापून ठेवू नका. आधी टीप, मग कात्री. आधी कापलेला गोल हाताळताना ताणला जातो आणि पलटी मारल्यावर छातीपासून सुटा उभा राहतो. टाका बारीक ठेवा, वळणावर तर आणखी बारीक, कारण पुढे याच टिपेच्या अगदी जवळ कात्री जाणार आहे.

टीप झाली की आतला भाग कापून काढा आणि पाव इंच माया ठेवा. आता कट, म्हणजे मायेला कात्रीनं द्यायच्या लहान चिरा. याच जागी नवख्या मुली हात आखडता घेतात. त्यांना भीती असते की कट टिपेपर्यंत गेला तर कापड फाटेल. भीती खरी आहे, पण अपुरा कट जास्त नुकसान करतो. गोल गळ्याची टिपेची रेषा लांब असते आणि मायेची कड तिच्याहून आखूड. पलटी झाल्यावर त्याच आखूड कडेला बाहेरच्या मोठ्या घेरात पसरायचं असतं. कट दिले नाहीत तर ती पसरू शकत नाही, टीप ओढून धरते आणि गळ्याच्या काठावर चुण्या उमटतात. कित्येक जणी त्या चुण्यांवर इस्त्री घासत बसतात. इस्त्रीनं त्या जात नाहीत, कारण त्या कापडात नसतात, आतल्या मायेत असतात. गोल भागात साधारण अर्ध्या इंचावर एक कट द्या, वळण जास्त असेल तिथे पाव इंचावर. प्रत्येक कट टिपेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबवा. कात्री बोथट असेल तर टोकाशी ती कापड चावते आणि अंदाज चुकतो. या कामासाठी लहान, टोकदार कात्री वेगळी ठेवा आणि तिनं कागद कापू नका.

पानगळ्याला खाली टोक असतं, मटका गळ्याला दोन कोपरे. तिथे एक कट, पण अगदी एक धागा उरेपर्यंत. त्या एका धाग्याचं भय वाटत असेल तर टीप मारतानाच त्या टोकापाशी अर्धा-अर्धा इंच दुहेरी टीप घ्या. वरचं कापड सुळसुळीत असेल, शिफॉन किंवा क्रेप, तर टोकाखाली कॅनव्हासचा नखाएवढा तुकडा ठेवून टीप मारा. तो तुकडा कापडाला धरून ठेवतो.

यानंतरही लगेच पलटी मारायची नाही. टीप तशीच, उलट्या बाजूनं, एकदा इस्त्रीनं दाबा. मग माया अस्तराकडे वळवा आणि अस्तरावरून, टिपेच्या अगदी काठानं, माया आणि अस्तर एकत्र धरून आणखी एक टीप मारा. ही टीप वरून दिसत नाही. पण तिच्यामुळे अस्तर आतल्या बाजूला ओढलं जातं आणि गळ्याच्या काठावर डोकावत नाही. बाजारातल्या घाईच्या शिलाईत ही टीप मारलेली नसते, म्हणून चार धुण्यांनंतर हिरव्या ब्लाउजच्या गळ्याला पांढऱ्या अस्तराची किनार दिसायला लागते.

आता अस्तर आत वळवा. बोटं ओली करून शिवण चोळत चोळत काठावर आणा आणि तिथून केसभर आत ढकला. मग इस्त्री. गळा हातात धरून खिडकीकडे तोंड करा. काठ एका रेषेत गेला पाहिजे. एखाद्या जागी खड्डा दिसला तर तिथला कट राहिलाय किंवा अपुरा आहे. परत उलटा करा, तो एक कट द्या, परत पलटी. दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

गळ्याचा कोपरा आतल्या बाजूला असतो म्हणून तिथे कट दिला. उशीच्या अभ्र्याचा, कॉलरचा, पिशवीचा कोपरा बाहेर येतो, तिथलं गणित वेगळं. तिथे माया जास्त होते आणि पलटी मारल्यावर टोकात गोळा होते. म्हणून टोकापाशी माया तिरकी कापून टाका आणि दोन्ही बाजूंनी थोडी निमुळती करा. टीप मारतानाही टोकावर सरळ काटकोनात वळू नका, मध्ये एकच टाका तिरका घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या एका तिरक्या टाक्यामुळे टोक जास्त टोकदार दिसतं, कारण आतल्या कापडाला वळायला जागा मिळते. टोक बाहेर काढायला कात्रीचं नाक वापरू नका. एका सेकंदात भोक पडतं आणि ते नेमकं सगळ्यांच्या नजरेसमोर असतं. विणकामाची जाड सुई, बोथट टोकाची, ती वापरा. आतून ढकला, बाहेरून ओढू नका.

ज्या वस्तूला चारही बाजूंनी अस्तर असतं तिची पलटी कशी मारायची, हे मी बाळाच्या कुंचीवर शिकवते. कुंची लहान असते, चूक झाली तरी कापड थोडं वाया जातं, आणि प्रत्येक घरात कधी ना कधी लागते. वरच्या कापडाची टोपी वेगळी शिवा, अस्तराची वेगळी. झालर लावायची असेल तर ती वरच्या कापडाच्या सुलट्या बाजूवर, काठाला काठ लावून आणि झालरीचं तोंड आतल्या बाजूला करून कच्च्या धावदोऱ्यानं बसवा. झालर आत वळलेली बघून मुली हमखास म्हणतात, "मॅडम, ही उलटी लागतेय." नाही. पलटी मारल्यावर ती बाहेर येते. आता अस्तर सुलटीवर सुलटी ठेवून काठानं सगळीकडे टीप मारा, फक्त मागे, खालच्या सरळ काठावर चार बोटं जागा सोडा. याला तोंड ठेवणं म्हणतात. तोंड नेहमी सरळ काठावर ठेवायचं, वळणावर किंवा कोपऱ्यावर कधीच नाही, कारण नंतर ते हातानं शिवताना वळणाचा आकार बिघडतो. तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे करून घट्ट करा, नाहीतर कापड बाहेर ओढताना ती उसवत जाते.

मग कोपऱ्यांची माया कापा, वळणांना कट द्या, आणि तोंडातून दोन बोटं घालून सगळ्यात लांबचा भाग आधी पकडा. डोक्याकडचा. तो हळूहळू तोंडाकडे आणा, बाकीचं त्याच्यामागे येतं. जवळचा भाग आधी ओढलात तर तोंडात बोळा अडकतो. सगळं बाहेर आलं की अस्तराची टोपी कापडाच्या टोपीत बसवा, काठ चोळून काढा, तोंडाची माया आत दुमडून लपत्या टाक्यानं शिवा. बाळाच्या मानेशी एकही शिवण टोचत नाही. झबलं मात्र बिनअस्तराचं असतं, त्याच्या शिवणी आत असल्या की नव्या कातडीला लागतात. पहिल्या महिन्यातल्या बाळासाठी मी झबल्याच्या शिवणी बाहेर ठेवते. बघणाऱ्याला ते उलटं वाटतं, पण बाळाच्या अंगाला तीच सुलटी बाजू असते.

नाडीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. ब्लाउजच्या पाठीवरची लटकनाची नाडी, पेनापेक्षा बारीक आणि हातभर लांब, उलटवायची कशी? पट्टी तिरक्या कापाची घ्या, जिला जुने टेलर उरेब म्हणतात. सरळ कापाची नाडी ताठ राहते आणि वळवली की मोडल्यासारखी दिसते. पट्टीची रुंदी एक इंच. सुलटी आत ठेवून लांबीत दुमडा, म्हणजे अर्धा इंच होईल. दुमडीपासून पाव इंचावर टीप मारा, आणि मारताना पट्टी किंचित ताणून धरा. ताणली नाही तर पुढे उलटवताना टाके तुटतात. उरलेली पाव इंच माया कापू नका. उलटल्यावर तीच नळीच्या पोटात भरते आणि नाडी गोल, भरीव दिसते. कापड जाड असेल तरच थोडी कमी करा. एक युक्ती आणखी: टीप संपवताना शेवटचा अर्धा इंच तिरपा घेऊन तोंड नरसाळ्यासारखं रुंद करा. उलटवायला सुरुवात तिथून होते आणि पहिला इंचच सगळ्यात कठीण असतो.

आता दाभण घ्या, नाहीतर मोठी सुई. जाड दोरा दुहेरी ओवा आणि नळीच्या रुंद तोंडापाशी मायेत दोन-तीन टाके घेऊन पक्का करा. सुई नळीत घाला, पण टोक पुढे करून नाही. मागची, डोळ्याची बाजू पुढे. टोक पुढे असलं की ते दर बोटभर अंतरावर कापडात घुसतं. डोळ्याची बाजू बोथट, ती सुळकन जाते. नळी सुईवर चुण्या करत करत पुढे सरकवा, पलीकडून सुई बाहेर आली की दोरा ओढा. पहिलं तोंड आत वळताना अडेल. तिथे जोर लावू नका. उजव्या हातानं दोरा ताणलेला ठेवा, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कापड त्या वळणावरून मागे सारत राहा. एकदा अर्धा इंच आत गेलं की बाकीची नाडी सापाच्या कातीसारखी सरसर उलटते. माझ्या वर्गात दर वेळी या क्षणी मुली टाळ्या वाजवतात आणि मलाही अजून तितकाच आनंद होतो.

सेफ्टी पिननंही जमतं, पण पाव इंचाच्या नळीत पिन मावत नाही आणि मध्येच उघडली तर कापड फाडते. पिन ठेवा परकराच्या नेफ्यात नाडी ओवायला.

शेवटी कॉलर. आता फारसं कुणी करत नाही, पण मला हे काम पुढे न्यायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे वडील गावात टेलर होते. जून महिन्यात शाळा सुरू व्हायच्या सुमारास त्यांच्याकडे नव्या कपड्यांइतकेच जुने शर्ट यायचे, कॉलर उलटवायला. शर्टाचं अंग चांगलं असतं, पण कॉलर मानेपाशी जिथे दुमडते तिथे घासून तिचे धागे निघतात. कॉलरला दोन थर असतात. वरचा झिजतो, खालचा कोराच राहतो. मग कॉलर सोडवायची, उलटी करायची आणि परत तिथेच बसवायची. कोरी बाजू वर येते, झिजलेली खाली जाते. मास्तरांचा, तलाठ्यांचा, कंडक्टरांचा शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा.

कृती अशी. कॉलर आणि तिच्या खालची बटणाची पट्टी हे दोन वेगळे तुकडे असतात. ते जिथे जोडलेत ती शिवण शोधा. पट्टी शर्टाला जोडलेली असते, तिला हात लावायचा नाही. कॉलर दुमडून तिचा बरोबर मध्य काढा आणि तिथे रंगीत दोऱ्याचा एक टाका घ्या. पट्टीच्या मध्यावर दुसरा. हे टाके घेतले नाहीत तर नंतर एक टोक लांब, एक आखूड होतं. मग ब्लेडनं नाही, बारीक कात्रीच्या टोकानं एकेक टाका सोडून कापत जा आणि दोरा उपसून काढा. ब्लेड जुन्या कापडात कधी घुसेल सांगता येत नाही. कॉलर सुटली की तिच्या कडेला जुन्या टिपेची भोकं दिसतील. ती पुसू नका, तीच तुमची आखणी आहे.

झिजलेल्या जागी आधी आतून पातळ कापडाची पट्टी ठेवून बारीक धावदोरे घाला, म्हणजे भोक वाढणार नाही. खालचा थर वर येणार आहे, तेव्हा तो नीट तपासा. त्याच्यावर एखादा जोड किंवा डाग असेल, किंवा कॉलर ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे खिसे असतील, तर हे काम करू नका, ते वर दिसतील. रंग जरा गडद दिसेल, कारण त्या बाजूनं ऊन खाल्लेलं नाही. दोन-तीन धुण्यांत तो जुळतो. चौकड्याच्या कापडात आडव्या रेघा पट्टीशी जुळतात का तेही बघा.

आता कॉलर उलटी करा, मध्यावर मध्य ठेवा, तिची कच्ची कड पट्टीच्या दोन थरांमध्ये जुन्या भोकांपर्यंत सरकवा. मध्यापासून दोन्ही टोकांकडे कच्चे टाके घाला, एका टोकापासून सुरुवात करू नका. शर्ट अंगावर चढवून वरचं बटण लावा. दोन्ही टोकं गळ्यापासून सारख्या अंतरावर आहेत ना, आरशात बघा. मगच पट्टीच्या काठानं मशीनची टीप, जुन्या टिपेच्याच रेषेवर. दोऱ्याचा रंग शर्टाच्या जुन्या दोऱ्याशी जुळवा, नव्या रिळातला पांढरा जुन्या शर्टावर ओरडतो. वडील यासाठी उपसलेला जुना दोरा रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवायचे आणि टिपेची शेवटची काही इंचं, समोरची, त्या दोऱ्यानं हातानं मारायचे. मी अजून तसंच करते. माझ्या ड्रॉवरमध्ये अशी सात-आठ रिळं आहेत.